हर्षालीचा सूर्य आणि उशिरा आलेले परीक्षक

साखरशेतची हर्षाली मोखाड्याकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी मात्र उजाडलं की ती अंगणालगतच्या नाचणीच्या रानात दुर्बीण लावते आणि सूर्याचे फोटो काढते. भिंगापुढे सूर्याचा प्रखर उजेड अडवणारी गाळणी, मागे कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. रिकामटेकडा छंद म्हणून कुणी हसू नये, काम फार चिकाटीचं आहे. सूर्य आपल्या जागी असतो, पण मधली हवा स्वस्थ बसत नाही. जमीन तापली की हवा आधणासारखी उकळते आणि चित्रातलं सगळं बारीक काम पुसून टाकते. म्हणून ऊन वर आलेलं पण माती अजून गार, एवढीच वेळ हर्षाली जिवापाड जपते. तेव्हाही कॅमेऱ्यात लांबलचक चित्रफीत घ्यायची आणि हवा क्षणभर थांबली त्या वेळचे तुकडे निवडून त्यांचा एक फोटो करायचा.

अशाच एका सकाळी तिला मोठा सौरडाग सापडला. भोवतीची केसासारखी झालर, आजूबाजूला सूर्याच्या पृष्ठावर कणीसारखे पसरलेले दाणे, सगळं लख्ख. तिने तो फोटो शहरातल्या एका खगोलमंडळाच्या स्पर्धेला पाठवला. उत्तर आलं, "एवढ्या लहान दुर्बिणीतून, तेही तिकडून, असा फोटो येणं अवघड वाटतं. परीक्षक प्रत्यक्ष येऊन पाहतील."

'तिकडून' हा शब्द तिला झोंबला. मूळ चित्रफिती देते, तपासा, असं तिने कळवलं. त्या कुणी मागितल्याच नाहीत. दुसऱ्याचा फोटो उचलणारी चोर ठरवायची केवढी ही घाई! पण फोटोवर आपलं नाव राहायचं तर दाखवून देणं भाग होतं. या म्हणाली, आणि उजाडताच या असं पुन्हा पुन्हा बजावलं.

परीक्षक आले ते जव्हारला पोटभर नाश्ता करून, दरीपुढे स्वतःचे फोटो काढून, ऊन चांगलं तापल्यावर. हर्षाली त्यांना तशीच दुर्बिणीकडे न्यायला निघाली, तर तिची आई सोमी आडवी आली.

"पाहुणं लांबून आलं, पोरी. आधी पाणी दे, च्या दे. तसंच कामाला लावशील त्यांना?"

पाड्यात आल्या माणसाला कोरडं उभं करत नाहीत. हर्षालीच्याही तोंडून 'नाही' निघेना. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि कोंबडी शिजवायला सोमीने अंगणात मोठी चूल पेटवली. वारा नेमका चुलीकडून दुर्बिणीकडे होता.

लॅपटॉपवर सूर्य आला तेव्हा त्याची कडा पाण्यासारखी हलत होती. डागाची झालर नाही, दाणे नाहीत, नुसता फुटलेल्या शाईचा ठिपका.

"आम्हाला शंका होतीच," परीक्षकांतले एक म्हणाले.

"सर, ही तापलेली हवा आहे. आज रात्री राहा, उद्या उजाडताच दाखवते."

"इथे राहायची सोय नसते हो," ते म्हणाले. मग सगळ्यांनी कोंबडीचा रस्सा दोनदा वाढून घेतला आणि गाडीत बसले. जिच्या घरचं जेवले तिलाच खोटं पाडून निघालेली ही माणसं, आणि चेहऱ्यावर उपकार केल्याचा भाव.

"माझ्या चुलीनं झालं का गं?" सोमीने विचारलं.

"थोडं झालं, आये. पण ते वेळेवर आले असते तर चूल पेटायच्या आधीच सगळं दिसलं असतं."

काही दिवसांनी मंडळाचा फोन आला. आवाज अगदी गोड होता. "दुर्गम भागातली महिला म्हणून तुम्हाला खास प्रोत्साहनाचं बक्षीस द्यायचं ठरलंय. समारंभाला तुमच्याकडच्या पारंपरिक वेशात आलात तर फार छान."

"आणि माझा फोटो?"

"तो प्रदर्शनात लावत नाही. उगीच वाद कशाला?"

हर्षालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. "सर, फोटो माझा नसेल तर मी चोर आहे, आणि चोराला बक्षीस देत नाहीत. माझा असेल तर खाली माझं नाव लिहून भिंतीवर लावा. दोन्हीपैकी काय ते आत्ता सांगा."

"विचारून नंतर कळवतो," पलीकडून आलं. हर्षालीने फोन ठेवला नाही. "मी थांबते. आत्ताच विचारा."