छातीतला पहारा

सोमवारी दुपारी आईसोबत सक्करदऱ्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे बसले होते. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि आत डॉक्टर माझ्या छातीचा एक्स-रे उजेडावर धरून गप्प झाले होते... डॉक्टर गप्प झाले की माझं डोकंच सरकतं. बोला ना बाबा काय ते!

मला संधिवात आहे. साधा नाही, शरीराची फौज आपल्याच सांध्यांवर चालून जाते तो. सकाळी बोटं मिटत नाहीत, वेणी घालता येत नाही, पोळ्या तर सोडूनच द्या. गुरुवारी एक नवीन इंजेक्शन सुरू होणार होतं आणि मी त्याच्यावर डोळे लावून बसले होते.

डॉक्टरांनी बोटानं दाखवलं. उजव्या फुप्फुसात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा डाग. "जुना दिसतोय. घरात कधी कोणाला टीबी..."

"नाही," आई म्हणाली. प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. कारण रक्ताची टेस्ट धड हो म्हणत नव्हती, धड नाही म्हणत नव्हती. मी स्टिरॉइडवर आहे, त्यामुळे तिचा भरवसा नव्हता. "नाही जी, डॉक्टरसाहेब. आमच्या घरी तसलं काही नाही," आई पदर सावरत म्हणाली.

मग त्यांनी मला समजावलं. म्हणे आपल्या अंगात जन्मापासूनच पहारेकरी पेशी असतात, बाहेरचा जंतू दिसला की त्या गिळून टाकतात. टीबीचा जंतू मात्र कधीकधी गिळला तरी मरत नाही... मग त्या त्याच्याभोवती कडं करून बसतात. वर्षानुवर्षं. तो आत जिवंत, त्या बाहेर जाग्या.

"आणि हे इंजेक्शन त्याच पहाऱ्याला ढिलं पाडतं. तुमचे सांधे सुजवणारी फौजही तीच ना!" भर मे महिन्यात माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात टीबी नव्हता म्हणता, तर लहानपणच्या एखाद्या न्यूमोनियाचा व्रण असेल, तरी नीट आठवून गुरुवारी सांगा, असं म्हणून त्यांनी आम्हाला सोडलं.

हुडकेश्वरला घरी आलो आणि मला विचित्रच व्हायला लागलं. श्वास हळू घ्यायला लागले. शिंक आली तर नाक दाबून धरलं, जसं काही आत कोणी झोपलंय आणि ते उठेल... वेडेपणाच तो, कळत होतं. पण छातीवर हात ठेवला की वाटायचं, आतूनही कोणीतरी हात टेकवलाय.

आणि आई माझ्याशी बोलेचना.

मंगळवारी दुपारी लाइट गेली. कूलर बंद पडला आणि घर एकदम चिडीचूप झालं. तेव्हा मला ऐकू आलं, समोरच्या खोलीत कोणीतरी कुजबुजत होतं.

जाऊन बघते तर आई. खिडकीच्या काचेवर माझा एक्स-रे टेकवून उभी. त्या पांढऱ्या डागावरून बोट फिरवत होती, लेकराचं कपाळ कुरवाळतात तसं.

"आई, कोणाशी बोलून राहिली वं?"

"कुसुम हाय वं ते," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

कुसुम म्हणजे माझी आत्या. सावनेरजवळच्या आमच्या गावी, मी तीनचार वर्षांची असताना वारली. काविळीनं गेली असंच आम्हाला सांगितलेलं, आणि मला तर तिचा चेहराही आठवत नाही.

"टीबी होता तिले," आई म्हणाली. मागच्या खोलीत ठेवली होती आत्याला, कोणी आत जात नसे. मी तेवढी जायची. तिच्या ताटात जेवायची, तिच्याच कुशीत झोपायची. आई ओढून आणायची आणि तिची पाठ फिरली की मी पुन्हा तिकडेच.

अरे देवा... आता कळलं, आजवर मी साधी खोकले तरी आई हातातलं काम टाकून दारात का येऊन उभी राहायची.

मी भडकलेच. "मग काल डॉक्टरांना नाही काहून म्हणाली? गुरुवारी तो पहारा उठला असता ना आई! मी मेले असते!"

आई खाली बसली. "वचन देल्लं होतं तिले. माहा हात धरून म्हणे, वहिनी, कोणाले सांगू नोको, माह्या धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचं हाय. मंग तोंडाले नाहीच म्हणायची सवय लागली वं." आणि ती रडली. मग मीही.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. आईनं माझ्या हातातून घेतला आणि स्वतः सांगितलं, "माह्या नणंदेले टीबी होता." इंजेक्शन पुढे गेलं. आधी काही महिने त्या झोपलेल्याला मारायच्या गोळ्या, मग सांध्यांचं बघू. तोवर बोटं अशीच दुखणार... दुखू देत. ज्या फौजेला मी रोज शिव्या घालते, तिनंच मला इतकी वर्षं जगवलंय.

आज सकाळी पहिली गोळी. माझ्या बोटांना पाकीट फुटेना, आईनंच फोडलं. गोळी तळहातावर घेऊन विचारते कशी, "यानं कुसुम मरन का वं?"

मी पेल्यात पाणी ओतून घेतलं.

ती बराच वेळ माझ्या छातीकडे बघत राहिली. चेहऱ्याकडे नाही, छातीकडे. मग गोळी माझ्या हातावर ठेवत हळूच म्हणाली, "जाय आता, कुसुम. धाकटीचं समदं चांगलं झालं. नातवंडं हायेत तिले."

मी पाण्यासोबत गोळी गिळली. आई बोलली म्हणून मी आहे, एवढंच लिहायचं होतं.