शुक्रवारचा भाव

माझे बाबा रुपराव सरकारी कचेरीत भाव टिपायचे. दर शुक्रवारी सायकलवरून इतवारी बाजारातल्या ठरलेल्या दुकानांत जायचे, ज्वारी, तूरडाळ, गोडेतेल यांचे दर विचारायचे आणि तक्त्यात भरायचे. अशा अनेक तक्त्यांवरून शहराच्या महागाईचा आकडा निघे आणि त्या आकड्यावर गिरणी कामगारांचा महागाई भत्ता ठरे.

पुढे पॉलिटेक्निकला आम्हाला अर्थशास्त्राचा एक पेपर होता. एक घर, एक दुकान, एका जिनसेचा भाव हे सूक्ष्म. सगळ्यांची मिळून महागाई, उत्पन्न, रोजगार हे समग्र, असं सर सांगत होते. वर्ग लिहून घेत होता. मला मात्र पाचपावलीतलं आमचं घर दिसत होतं.

साल १९७४. भिंतीपलीकडे गिरणीत काम करणारे ओमप्रकाशकाका राहत. कितीतरी महिने भत्ता वाढला नव्हता. शेवटी त्यांनी त्यांच्या मुलीला, शामलाला, आठवीतून काढून विड्या वळायला बसवलं. त्या संध्याकाळी ते ओट्यावरून ओरडले, "रुपरावभाऊ, तुमच्या कागदावर ज्वारी दीड रुपया किलो आहे म्हणते. त्याच दुकानातून मले पायलीभर आणून द्या ना!"

"मी तं त्याच दुकानातून दोन रुपये दहा पैशानं आणून राहिली, भाऊजी," आई आतून म्हणाली.

दुकानदार सांगेल तो भाव लिहायचा, असा कचेरीचा नियम होता. आणि तक्ता दिसला की दुकानदार सरकारनं बांधून दिलेला दर सांगायचा. बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी ते दुकानासमोरच्या पानठेल्यावर थांबले आणि आईला पिशवी देऊन पुढे पाठवलं. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती. "सरकारी कामाले चालली ना मी," असं तिनं गल्लीभर सांगितलं होतं. तिनं ज्या भावानं पैसे मोजले, तोच बाबांनी लिहिला.

साहेबांनी बोलावलं. "रुपराव, हा भाव दुकानदारानं सांगितला?"

"नाही साहेब. त्यानं घेतला."

"एका दुकानानं शहराचा आकडा हलतो का?"

"नाही हलत. म्हणून म्हणतो, बाकीच्या दुकानांत बी बायका पाठवू."

साहेब हसले नाहीत. नियम मोडला म्हणून बाबांची वेतनवाढ वर्षभर थांबली. पण तो तक्ता साहेबांनी फाडला नाही, आणि पुढच्या शुक्रवारी महाल भागात भाव टिपणारे देवाजी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन निघाले. मग बाकीचेही.

दोन महिन्यांनी आकडा चढला. भत्ता वाढला. ओमप्रकाशकाका पावभर पेढे घेऊन आले.

"ज्वारी महाग झाली म्हणून पेढे वाटता काय, भाऊजी?" आई म्हणाली.

"महाग तं ते आधीच होती वं," बाबा म्हणाले. "आता कुठं कागदाले समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दाढी करत होते. शामला दप्तर घेऊन दारावरून जाताना दिसली. ते तसेच, गालांवर फेस घेऊन ओट्यावर आले आणि ती गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले.