पहिलं माप

नव्या ज्वारीच्या भुसाचा वास आला की मला निजामाच्या राजवटीतलं आमचं तेरणेकाठचं खळं दिसतं. एका साली ज्वारी पेरून माझा मधला भाऊ तापानं गेला. वहिनीच्या वाट्याचा वाद कोर्टात गेला, तवा तिथल्या मुनसफानं निकाल सांगितला, विधवेला रानात वाटा न्हाय, पण दिरांनी पोटगी द्यायची. आमचा थोरला, त्याला आमी दादा म्हणायचो, तो लगेच म्हणाला, "दाणे गड्यासंगं घरी पाठवीन." वहिनी पदर सावरून म्हणाली, "दादा, गड्यानं दारात आणून टाकलेलं खायला म्या काय भिकारीण हाय व्हय? माझं म्या खळ्यावर येऊन मापून नेईन." आता राशीवर विधवेची सावली पडली की बरकत जाते, असं तवा सगळेच मानायचे, आणि दादा तर खळ्यात कुणाला वहाणसुद्धा घालू द्यायचा न्हाय. रास झाली त्या दिवशी वहिनी पाटी घेऊन आली आणि खळ्याच्या कडेला थांबली. भावकीतला एक म्हातारा खाकरला, "आज आत घे, उद्या डोक्यावर बसंल." दादा म्हणाला, "बसू दे, काका. तुमच्या डोक्यावर तर न्हाय ना बसत?" मग वहिनीकडं वळून म्हणाला, "आत ये. ही रास तुझ्या धन्यानं पेरलीय." आणि ज्या मापाला घरातली बाई कधी शिवली न्हवती, ते त्यानं तिच्या हातात दिलं. तिनं पहिलं माप काठोकाठ भरलं, पण एक दाणा खाली सांडला न्हाय. पुढं मी वेगळा निघालो, तरी ती जगली तोवर माझ्या राशीचं पहिलं माप तिनंच भरलं. ज्यानं नाक मुरडलं, त्याला मी परत खळ्यावर बोलावलं न्हाय.