कुरकुऱ्या आमच्या दारात बोलत नसे

इनास गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ओट्यावर बसून नाताळच्या चांदणीला कागद चिकटवत होतो. हात खळीने बरबटलेले. निरोप्या वळला आणि माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता सगळी घरं सारखी झाली, असा होता… मी सरळ बोलणारा माणूस, लिहितोही तसाच. आयुष्यभर ज्याचा मला हेवा वाटला असा गावात हा एकच, आणि त्याला पुरला म्हणून हेवा पुरला गेलेला नाही.

आमच्याकडचा नाताळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सणाआधीच्या आठवड्यात दिवेलागण झाली की पोरं ढोलकी आणि व्हायोलिन घेऊन घरोघर गात फिरतात. पुढे लाल झग्यातला नाताळबाबा, गोळ्या वाटणारा. तो मी. घराण्यातला पहिला बी.ए., हायस्कुलात मास्तर, झगा वांद्र्याच्या शिंप्याकडून शिवून आणलेला, दाढीचा कापूस दर वर्षी नवा. आणि सगळ्यांच्या मागे घोंगडी, माकडटोपी आणि काठीवाला कुरकुऱ्या म्हातारा, ज्याला सण म्हणून सोसत नाही. तो इनास. माझा शाळासोबती, पुढे शिकला नाही, बापाची केळीची वाडी सांभाळली आणि पैशाने माझ्यापेक्षा बरा राहिला. गाणं संपलं की तो काठी आपटत पुढे यायचा आणि त्या घराला झोडायचा. आळीतल्या फ्रान्सिसने एकदा छपराएवढी चांदणी टांगली होती. इनास खालून बघत राहिला आणि म्हणाला, "तीन राजे रस्ता चुकून तुझ्याकडं आले तर वाढशील काय रे त्यांना, कालची पेज?" फ्रान्सिस ते वर्षभर सांगत फिरला. व्हायोलिनवाल्याला तो म्हणायचा, हळू वाजव, पार तिकडं कामण गावच्या म्हशी दूध आटवतील. बायका करंज्यांचं ताट घेऊन उभ्या राहायच्या, करंजीला नावं ठेवून घ्यायला. ज्या घराला बोल बसले नाहीत त्या घराचा सण झाला नाही, अशी समजूतच पडली होती. माझ्या गोळ्या घेताना पोरांची नजर माझ्या खांद्यावरून मागे असायची.

आणि आमचं घर? मी बी.ए. झालो त्या वर्षापासून इनास आमच्या पायरीपाशी यायचा, माकडटोपी काढायचा, "मास्तर, सण सुखाचा" म्हणायचा आणि पुढच्या दाराला जायचा. एरवी मला अरेतुरे करणारा हा माणूस! आय कंदील धरून उभी असायची. तिचा चेहरा उतरलेला मला दाढीच्या कापसाआडूनही दिसायचा. एकदा म्हणाली, "आपल्याला वाळीत टाकलंय काय रे? तुला शिकवलं ते चुकलं आमचं?" आय गेली ती ही तक्रार घेऊनच.

एका वर्षी इनास तापाने फणफणला आणि घोंगडी माझ्याकडे आली. खोटं कशाला, मी खूश झालो. आरशासमोर तयारी केली. पहिल्याच दारात म्हणालो, गटार तुंबलंय, त्यात डास झालेत, आणि पोरीला सातवीतून काढलीत ती कशाला? कोणी हसेना. घरधनी हात जोडून म्हणाला, "करतो मास्तर, उद्याच साफ करतो." दुसऱ्या दारी म्हातारीने मला पाणी दिलं आणि विचारलं, बरं वाटत नाय का बाबा. चार दारांनंतर पोरांनी मला न विचारताच वाट बदलली आणि सगळे इनासच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. आतून खोकला आला, मग आवाज, "मरू पण देत नाय सुखानं!" अख्खी आळी हसली. मी घोंगडीत घामाघूम उभा.

सगळे जगात आनंद वाटत फिरतात त्या दिवसांत लोकांना हा कुरकुऱ्याच का हवा असतो, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. सणात प्रत्येकाला हसावंच लागतं. कोणाचा भाऊ आलेला नसतो, कोणाचं नवं लुगडं राहिलेलं असतं, कोणाची पाठ चुलीपुढे मोडलेली असते. ती सगळ्या गावाची कुरकूर एकटा माणूस घोंगडीत भरून न्यायचा, आणि दार लावताना घर हलकं व्हायचं. हे मला कळलं. जमलं मात्र त्याला.

यंदा पावसाळा सरल्यावर इनास दम्याने खाटेला लागला तेव्हा मी भेटायला गेलो. त्याच्या बायकोने, मोनीने, चहा ठेवला. मी सरळ विचारलं, माझ्या दारात कधी बोलला नाहीस, का?

तो छताकडे बघत म्हणाला, "तुझी भीती वाटायची, डुमिंग. त्या दाढीच्या आत तू कधी हसलेला दिसला नाहीस मला. सगळे हसले आणि एक नाय हसला, तर म्हातारा उरत नाय… नुसता लोकांना बोलणारा इनास उरतो."

"मग आता बोल," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. "चा पी. एवढा शिकलास, पन चा गार करून प्यायची अक्कल कुठल्या कॉलेजात मिळाली?"

आत मोनी फिसकन हसली. मी हसलो तेव्हा तिचं हसून झालं होतं, आणि त्याला डुलकी लागली होती. ऐकलं की नाही, कोण जाणे.

या नाताळात पोरांनी त्याची माकडटोपी काठीच्या टोकाला बसवून फिरवली. प्रत्येक घरापुढे गाणं झालं की काठी रोवायची आणि तो बोलला असता तेवढा वेळ गप्प उभं राहायचं. आमच्या घराशी पोरं सवयीने पुढे निघाली. मी म्हणालो, थांबा. त्यांनी काठी आमच्या पायरीला टेकवली. मी तिथेच होतो, लाल झगा, नवा कापूस, हातात गोळ्यांचं ताट. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. सगळी मान वर करून त्या रिकाम्या टोपीकडे बघत होती… मेल्यावरसुद्धा! तोच जुना हेवा पुन्हा वर आला. आणि मग मी हसलो, मोठ्याने, दाढी सुटेपर्यंत. या खेपेला सगळ्यांच्या आधी.