अंबादासरावांचे खाजगी पेढे

आमच्या शिवाजी पेठेतले अंबादासराव जन्मभर सरकारी पगारावर जगले, आता सरकारी पेन्शनवर जगतात. पन्हाळ्याची बस ठेकेदाराकडे गेली, तेव्हा "सरकारी म्हणजे आळशी!" म्हणत त्यांनीच पेढे वाटले. ठेकेदाराने परवडत नाही म्हणून संध्याकाळची फेरी बंद केली. तेव्हापासून माझी मुलगी ऋता तिथली नोकरी आटोपून वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या खाजगी जीपला लोंबकळत घरी येते. परवा त्याच वडापमध्ये अंबादासरावांचा गुडघा चेपला आणि त्यांना लोकहित आठवलं.

आज तालमीत सभा झाली. बस पुन्हा सरकारनेच चालवावी, म्हणून पहिला हात त्यांचा.

"पेढं इसरला व्हय, अंबादासराव?" शेजारच्या शालूबाई ओरडल्या.

"ते पेढे खाजगी होते!"

निर्लज्ज माणूस. तरी मी त्यांच्याच शेजारी हात वर केला. ऋता अजून घरी पोचली नव्हती.