पूर्वेकडच्या हॉलची मोजणी

तोमोए तारुमीबाईंनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही शोधनिबंध लिहून! जपानातल्या आमच्या हामादा बंदरगावच्या मुलींच्या कॉलेजात ग्रंथपालनाचा अभ्यासक्रम त्या एकट्या चालवत. ग्रंथालयाचा पूर्वेकडचा हॉल ही त्यांच्या विद्यार्थिनींची शाळा. पुस्तक लावणं, शोधून देणं, फाटलं तर सांधणं, सगळं तिथंच शिकायचं.

बाईंचा संशोधनाचा विषय साधा. लोक घरी न नेता, हॉलमध्ये बसून किती पुस्तकं वाचतात? नियम असा, की वाचलेलं पुस्तक टेबलावरच सोडायचं, संध्याकाळी बाईंच्या मुली ती मोजून फळीवर लावणार. काही वर्षं मोजलं. टेबलं जवळजवळ रिकामी. बाई सरळ मनाच्या. दिसलं ते लिहिलं, की ही पुस्तकं कुणी वाचत नाही. ग्रंथपालांच्या परिषदेत टाळ्या पडल्या.

कॉलेजनं तोच निबंध उचलला आणि ठराव केला. वाचत नाहीत ना? मग पुस्तकं रद्दीत घाला, हॉलमध्ये कॅफे काढा. हॉल नाही तर अभ्यासक्रम कुठला? तोही बंद. घ्या आता!

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. भाताचा गोळा हातात घ्यायच्या आणि तसाच डब्यात ठेवायच्या. एका दुपारी त्या हॉलमध्ये कपाटाआड नुसत्या उभ्या होत्या. त्यांचीच विद्यार्थिनी चिनात्सु खिडकीशी वाचत बसली होती. वाचून झालं तशी ती उठली, पुस्तक रुमालानं पुसलं आणि अचूक जागेवर परत लावलं. मागोमाग बंदरावरच्या दोन म्हाताऱ्यांनी तेच केलं.

"अगं, टेबलावर सोडायचं ना!" बाई पुढे झाल्या.

"पण बाई, संध्याकाळी आवरणाऱ्या मुलींना उगाच त्रास."

"त्या मुलींत तूही असतेस ना गं?"

"म्हणून तर कळतं ना, बाई." चिनात्सु हसली. "सगळेच परत लावतात. आपलं काम दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. लोक वाचत होते. रोज वाचत होते! आणि दुसऱ्याला त्रास नको म्हणून खूण पुसून जात होते. आणि हे, सारा जन्म याच माणसांत काढलेल्या बाईला सुचू नये? त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्या तशाच कुराहाशी सरांकडे गेल्या. हे कॉलेजचे डीन.

"सर, लोक वाचतात. माझा निबंध चुकला. मी तो मागे घेते."

"तारुमीबाई, तुमच्याच आकड्यांवर ठराव झालाय. आता चुकला म्हणता? लोक हसतील आपल्याला."

"मला हसू देत. पुस्तकं टाकू नका, सर. पाया पडते." आणि बाई खरोखर जमिनीला कपाळ टेकून बसल्या.

सर गडबडले. "उठा, उठा! सोमवारी विश्वस्तबाईंना घेऊन येतो. टेबलांवर पुस्तकं दिसली तर ठराव मागे. नाही दिसली तर मात्र विषय संपला."

बाईंनी हॉलमध्ये पाटी लावली: वाचलेलं पुस्तक कृपया टेबलावरच ठेवा. मुलींना बजावलं, "सोमवारपर्यंत मोजू नका, आवरू नका." का, ते मात्र सांगितलं नाही. मुलीही शेवटी तिथल्या वाचकच, आणि आपल्याला काय हवंय हे वाचकाला कळलं, की तो तसंच वागतो, मग ते संशोधन कसलं? हे त्या दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवत. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ना!

लोकांनी पाटी मानली. शनिवारी टेबलांवर पुस्तकांचे ढीग लागले. बाई ढिगांमधून हिंडल्या, एकेका पुस्तकावर हात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या.

सोमवारी त्या डीनसाहेब आणि विश्वस्तबाईंच्या मागून हॉलमध्ये शिरल्या, आणि दारातच थिजल्या. टेबलं आरशासारखी चकचकीत. एक पुस्तक नाही. पाटीसुद्धा काढलेली. चिनात्सु आणि सगळ्या मुली भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या, बाह्या अजून दुमडलेल्या.

"ऑफिसातून कळलं बाई, पाहुणे येणार म्हणून," चिनात्सु हळूच कुजबुजली. "तुम्ही नको म्हणाला होतात, पण पाहुण्यांसमोर एवढा पसारा? तुमची मान खाली गेली असती. काल सुट्टी होती, सगळ्याजणी आलो."

"सर," बाई घाईनं सांगू लागल्या, "सर, शनिवारी इथे..."

तेवढ्यात विश्वस्तबाईंनी टेबलावरून बोट फिरवलं आणि कौतुकानं चिनात्सुला विचारलं, "काय गं, नेहमीच असं असतं का इथे? की आज आम्ही येणार म्हणून?"

चिनात्सु कंबरेत वाकली. बाईंची अब्रू आता आपल्या एका शब्दावर आहे, असं तिला वाटलं.

"छे, नेहमीच असं असतं," ती ठामपणे म्हणाली. "आमच्या बाईंच्या हॉलमध्ये टेबलावर एकही पुस्तक पडलेलं दिसायचं नाही."

कुराहाशी सरांनी बाईंकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. विषय संपला. दोघं निघून गेले.

मुली बाईंभोवती गोळा झाल्या. त्यांचे चेहरे आनंदानं फुलले होते. आता यांना खरं काय ते सांगितलं, तर या पोरी जन्मभर स्वतःला माफ करणार नाहीत, हे बाईंना कळत होतं.

"बाई, बरोबर बोलले ना मी?" चिनात्सुनं विचारलं.

"बरोबर बोललीस, बाळ," तारुमीबाई म्हणाल्या, आणि टेबलाची कड घट्ट धरून उभ्या राहिल्या.