दुसऱ्या चालीचं प्यादं

काल सावंतवाडीहून आणलेला बुद्धिबळाचा लाकडी संच उघडला आणि लाखेच्या वासासरशी आईचा फुटलेला ओठ डोळ्यांसमोर आला.

माझ्या लहानपणी मालवणात बायकांची बुद्धिबळ स्पर्धा होती. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाबा आईला खेळ शिकवत, देशी पद्धतीनं. त्यात प्यादं एकेक घरच सरकतं. पण त्या दिवशी आईनं राजापुढचं प्यादं एकदम दोन घरं ढकललं. दुसऱ्या चालीत त्याच्या शेजारचंही, सरळ समोरच्या बाईच्या तोंडी. तिनं ते मारलं. पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम प्यादं सोडून देण्याच्या या खेळीचं किंग्ज गॅम्बिट हे नाव मला फार पुढे कळलं.

बाबा गर्दीतून आत घुसले. "मी शिकयलेला सोडून ह्यां खंय शिकलंस? प्यादां फुकट दिलंस!" म्हणत त्यांनी तिच्या तोंडावर फाडकन मारली. पांढऱ्या घोड्यावर रक्त उडालं. लोकांनी बाबांना बाहेर ओढलं. आईनं पदरानं घोडा पुसला आणि खेळत राहिली. त्या प्याद्यानं मोकळ्या केलेल्या पट्टीतून तिचा हत्ती सुटला आणि काळ्या राजावर मात करूनच थांबला.

मला वाटलं, डाव संपला. पण स्टँडवर बाबा आमच्या गावाच्या एस्टीपाशी उभे असताना ती मला ओढत देवबागच्या, तिच्या माहेरच्या एस्टीत चढली.

"आये, बाबा?"

"तेका दिलंय सोडून," ती म्हणाली, आणि सुजल्या ओठानं हसली.